चुन्याखालचे गाव

व्हिकच्या चर्चमध्ये मी मान वर करून भिंतीवरचा जुडास, येशूचा विश्वासघात करणारा त्याचा शिष्य, पाहत होते, तेव्हा एक वृद्ध बाई आत आल्या. हातात प्लास्टिकचा पाण्याचा डबा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डेलियाच्या दांड्या आणि एप्रनच्या खिशातून डोकावणारी कात्री. माझ्याकडे पाहून त्या मान लववून ‘बाँजूर’ म्हणाल्या आणि सरळ वेदीकडे गेल्या. फुलदाणीतली सुकलेली फुले काढून त्यांनी त्याच वर्तमानपत्रात बांधली, तळाशी साचलेले हिरवट पाणी बादलीत ओतले, नव्या दांड्या तिरप्या कापून एकेक करून लावल्या, दोन पावले मागे सरकून फुलांकडे पाहिले, एक दांडी जरा डावीकडे सरकवली. हे सगळे होईस्तोवर येशू आणि त्याला कवटाळणारा जुडास त्यांच्यापासून फार तर चार हातांवर होते. भाले उंचावलेले शिपाई, गाढवावरून होणारा यरुशलेम-प्रवेश, भोजनाचे शेवटचे मेज, सगळे तिथेच होते. बाईंनी एकदाही डोळे वर उचलले नाहीत. निघताना मला एवढेच म्हणाल्या, “जाताना दार नीट ओढून घ्या हं, पाकोळ्या आत शिरतात.”

मला त्यांचा थोडा रागच आला होता.

इतक्या लांबून, दोन रेल्वेगाड्या आणि एक बस बदलून, ज्या भिंतींसाठी मी आले होते त्या भिंतींकडे ज्या बाईला रोज पाहता येते तिने पाहूच नये, हे मला त्या क्षणी उधळपट्टीसारखे वाटले. ती खंत नंतर बरेच दिवस मनात रेंगाळली, आणि जसजशी मी या चर्चविषयी वाचत गेले, लोकांना विचारत गेले, तसतसा तिचा रंग बदलत गेला. राग पूर्णपणे गेला असे मात्र मी म्हणणार नाही.

व्हिक हे फ्रान्सच्या ऐन मध्यावर, बेरी या जुन्या प्रांतातले खेडे. शातोरूहून ला शात्रकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते, आणि लागले तरी कळत नाही. लोक जातात ते शेजारच्या नोआँला, जॉर्ज सँड या लेखिकेचे घर पाहायला. तिथल्या जेवणाच्या मेजावर अजून पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मांडलेल्या असतात, आणि संगीतकार शोपाँने ज्या घरात इतके उन्हाळे काढले त्या घरात आता पर्यटक कुजबुजत फिरतात. तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर संत मार्टिनचे हे चर्च आहे. बाहेरून पाहिले तर करड्या-पिवळट दगडाची एक बुटकी, रुंद इमारत. खिडक्या लहान, भिंती जाड, कोरीवकाम जवळजवळ नाहीच. देओलच्या मठाशी जोडलेले, अकराव्या-बाराव्या शतकातले हे धर्मग्रामाचे, म्हणजे एका धर्मगुरूच्या हाताखालच्या वस्तीचे, साधे देऊळ. साधे हा शब्द मी जाणून वापरते आहे, कारण मध्ययुगीन फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शार्त्रच्या रंगीत काचा आणि गगनाला टेकलेले मनोरे येतात, आणि त्या काळातल्या बहुसंख्य माणसांनी आपले सारे आयुष्य मात्र अशाच बुटक्या छपराखाली बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी उरकत काढलेले असते.

दार लोटून आत गेले की प्रथम नाकाला कळते. ओल्या चुन्याचा वास, त्यात विझलेल्या मेणबत्त्यांचा तुपकट वास, आणि बाकांच्या जुन्या लाकडाचा गोडसर, किंचित कुजका वास. बाहेर जुलैचे ऊन असताना आत दंडावर काटा येईल एवढा गारवा. पायांतले बूट काढावेत की काय, अशी माझी नेहमीची चुळबुळ इथेही झाली. सवयीपुढे धर्म बदलला म्हणून काय झाले. डोळे अंधाराला सरावले की पुढची भिंत दिसू लागते, म्हणजे लोकांच्या बसण्याचा भाग आणि वेदीचा भाग यांना वेगळे करणारी, मधोमध कमान असलेली भिंत. तिच्यावर येशू सिंहासनावर बसला आहे. आणि त्या कमानीतून पलीकडे गेले, की माणूस चारी बाजूंनी चित्रांत सापडतो.

चित्रे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानतात. रंग मोजकेच: पिवळी माती, तांबडी माती, पांढरा, काळपट, कुठे हिरवट झाक. चित्रकाराचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्याचा हात ओळखता येतो, कारण तो हात घाईचा आहे. त्याची माणसे उभी राहतच नाहीत. ती वाकतात, झेपावतात, गुडघ्यांत मुडपतात, एकमेकांच्या अंगावर येतात. वस्त्रांच्या घड्या त्याने समांतर, पाठोपाठच्या रेषांनी काढल्या आहेत आणि त्या रेषा शरीराच्या वळणाबरोबर अशा धावतात की कापडाखालचा गुडघा किंवा खांदा कुठे आहे ते बरोबर कळते. डोळे मोठे, बुबुळे कोपऱ्यांत सरकलेली. जुडासच्या प्रसंगात हे सगळे एकवटते. जुडास एका बाजूने येशूच्या अंगावर झुकला आहे, चेहरा चेहऱ्याला भिडला आहे, आणि भोवतीच्या शिपायांची गर्दी इतकी दाटली आहे की भाल्यांना वर जाण्यावाचून जागाच उरलेली नाही. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा एका वस्त्राच्या काठाशी ब्रशाचा फटकारा मधेच जाड होऊन संपलेला दिसला. त्या ठिकाणी रंग संपला असावा किंवा गिलावा वाळू लागला असावा. ओल्या गिलाव्यावर काम करणाऱ्याला वेळेची मुभा नसते. चुना ओला असेपर्यंतच तो रंग धरतो. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात कायमचा अडकतो. म्हणून दिवसाला जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवायचा. ती घाई आठशे-नऊशे वर्षे तशीच्या तशी भिंतीवर शिल्लक आहे.

विषयांची निवडही मला विलक्षण वाटली. येशूचा जन्म, तीन ज्ञानी राजे, शिष्यांचे पाय धुणे, क्रुसावरून खाली उतरवणे हे अपेक्षितच. पण यशया संदेष्ट्याच्या ओठांना देवदूत जळता निखारा लावतो आहे, हा प्रसंग खेड्यातल्या चर्चमध्ये कोणासाठी काढला असेल? ज्याचे ओठ अपवित्र आहेत त्याने देवाचे शब्द उच्चारण्याआधी भाजून घ्यावे, हे वेदीपाशी उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूला बजावणे असावे, असे मला वाटते. शेतकरी या भागात येतही नसत. त्यांची जागा कमानीच्या अलीकडे. म्हणजे ज्या भिंतींना आज आपण गावाचा वारसा म्हणतो, त्यांतल्या कितीतरी गावाने फारशा पाहिलेल्याच नव्हत्या, किंवा पाहिल्या असल्या तर कमानीच्या चौकटीतून, मेणबत्तीच्या उजेडात, तुकड्यातुकड्यांनी.

आणि मग एके काळी त्यांच्यावर चुना फासला गेला.

असे जवळजवळ सगळीकडे झाले. आवड बदलली, स्वच्छ पांढऱ्या भिंती बऱ्या दिसू लागल्या, ओलीने चित्रे डागाळली, रोगराईत भिंतींना चुना देणे शहाणपणाचे ठरले, लहान खिडक्यांच्या अंधाऱ्या खोलीत तेवढाच उजेड वाढला. कोणी द्वेषाने चित्रे पुसली असे इथे मानायचे कारण नाही; सफेदी ही देखभालच होती. आणि त्या देखभालीनेच ती वाचली. मला इथे आपल्या वणीच्या सप्तशृंगी देवीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचे पिढ्यान् पिढ्यांचे शेंदराचे लेप उतरवले गेले आणि मंदिर काही आठवडे बंद ठेवून पुन्हा उघडले, तेव्हा भाविकांसमोर एक अनोळखी, रेखीव, जुने रूप उभे राहिले. शेंदूर लावणाऱ्यांनी मूर्ती झाकायची म्हणून झाकली नव्हती. पूजा करता करता ती झाकली गेली होती. फरक एवढाच की देवी तिच्या थरांसकट देवीच राहिली होती. व्हिकच्या चुन्याखाली काही आहे हे मात्र सगळेजण विसरून गेले होते.

या विसरण्याची गंमत अशी की जगातले एक मोठे चित्रकार त्या विसरलेल्या भिंतींपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर बसून चर्चसाठी चित्र काढत होते. १८४२ च्या उन्हाळ्यात युजेन देलाक्र्वा नोआँला सँडच्या घरी राहायला आले होते. रिकाम्या हातांनी बसवेना, म्हणून घरात काम करणारी बाई आणि एक लहान मुलगी यांना समोर बसवून त्यांनी संत ॲना आपल्या मुलीला, म्हणजे मरियेला, वाचायला शिकवते आहे असे चित्र काढले. नोआँचे चिमुकले चर्च संत ॲनाचेच आहे. सँडचा मुलगा मोरिस याने त्या चित्राची प्रत केली. हे सगळे होत असताना, शोपाँ आतल्या खोलीत पियानोवर बसलेले असताना, शेजारच्या गावात जुडास चुन्याच्या पडद्याआड येशूला कवटाळून उभाच होता. ही माणसे व्हिकवरून येता-जाता गेलीही असतील.

सात वर्षांनी, १८४९ मध्ये, तिथले धर्मगुरू आबे ज्याँ-बाप्तिस्त पेरिगो यांना चुन्याखाली चित्रे आढळली. ही बातमी सँडपर्यंत पोहोचली आणि सँडकडून प्रॉस्पर मेरिमे यांच्याकडे. मेरिमे हे कथाकार म्हणून प्रसिद्ध असले तरी १८३४ पासून त्यांची नोकरी ऐतिहासिक स्मारकांच्या महानिरीक्षकाची होती. घोडागाडीतून फ्रान्सभर हिंडून, ओल्या खानावळींतून झोपून, पडक्या चर्चांचे अहवाल लिहिणे आणि मंत्र्यांकडून दुरुस्तीसाठी पैसे मागणे हे त्यांचे काम. सँड आणि मेरिमे यांचे १८३३ मध्ये काही दिवसांचे प्रेमप्रकरण होऊन गेले होते आणि ते दोघांनाही सुखाचे झाले नव्हते, हे ध्यानात घेतले तर या पत्रव्यवहाराला आणखी एक पदर मिळतो. शिवाय मेरिमे उघड नास्तिक, आणि सँडचे चर्चशी फारसे पटत नसे. एक श्रद्धाळू पाद्री, एक बंडखोर लेखिका आणि एक नास्तिक सरकारी अधिकारी, अशा तिघांच्या हातांवरून ही चित्रे आपल्यापर्यंत पोहोचली. श्रद्धा असलेल्यांनी झाकले आणि श्रद्धा नसलेल्यांनी वाचवले, असे सोपे सूत्र मांडायचा मोह मला झाला होता. पण चुना खरवडायला पहिल्यांदा हात लागला तो पाद्र्याचाच.

व्हिक हे काही एकटे उदाहरण नव्हे. बर्गंडीच्या बाजूला ला फेर्ते-लुपिएर नावाच्या खेड्यात १९१० मध्ये असाच चुना निघाला आणि आतून मृत्यूचे नृत्य बाहेर आले: पोप, राजा, व्यापारी, शेतकरी, तान्हे मूल, एकेकाचा हात धरून नाचत नेणारे सांगाडे. त्यापूर्वी कितीतरी पिढ्यांनी त्या पांढऱ्या भिंतीखाली बसून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ऐकली होती.

व्हिकच्या भिंतींवरचा एक प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण या साऱ्या वारशाच्या प्रकरणाची किल्ली मला त्यात दिसते. संत मार्टिन, ज्याने अमिएँच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, तो पुढे तूरचा बिशप झाला आणि ३९७ च्या नोव्हेंबरात काँद या नदीकाठच्या गावी वारला. तूरचा दुसरा एक बिशप ग्रेगरी याने दोनशे वर्षांनी पुढची हकिगत लिहून ठेवली आहे. प्वातिएचे लोक म्हणाले, तो आमच्याकडे संन्यासी झाला, आम्ही तुम्हांला फक्त उसना दिला होता, आता परत द्या. तूरचे लोक म्हणाले, तो आमचा बिशप, जिथे अभिषेक झाला तिथेच दफन. प्रेत खोलीत मधोमध, दोन्ही गट दोन बाजूंना राखण करत बसले. मध्यरात्री प्वातिएवाल्यांना झोप लागली. तूरवाल्यांनी ती वेळ साधली, प्रेत खिडकीतून बाहेर काढले, होडीत ठेवले आणि स्तोत्रे गात ल्वार नदीने निघून गेले. प्वातिएवाले जागे झाले ते त्या गाण्यानेच.

संताच्या चोरीचे हे चित्र संताच्याच चर्चमध्ये, वेदीजवळ, बिनदिक्कत रंगवलेले आहे. कोणाला त्यात लाज वाटली नाही. ज्याच्याकडे हाडे, त्याच्याकडे यात्रा. ज्याच्याकडे यात्रा, त्याच्याकडे दाने, बाजार, नाव. गरिबाला अर्धा झगा देणाऱ्या माणसावरून दोन शहरे एवढी हमरीतुमरीवर यावीत, आणि जे जिंकले त्याने रात्री खिडकीचा आधार घ्यावा, हे वाचून मला आधी हसू आले. मग हसू थांबले, कारण ‘हे कोणाचे’ हा प्रश्न या इमारतींच्या भोवती तेव्हापासून आजवर फिरतोच आहे.

जुन्या राजवटीत त्याचे उत्तर भिंतीगणिक बदलत असे. १६९५ च्या राजाज्ञेने वाटणी स्पष्ट केली होती: वेदीच्या भागाची दुरुस्ती चर्चसाठी पिकाचा दशमांश वसूल करणाऱ्याने करायची, आणि लोकांच्या बसण्याच्या भागाची गावकऱ्यांनी. म्हणजे एकाच छपरातून दोन ठिकाणी गळती झाली तर दोन वेगळ्या थैल्या सोडायच्या. गावकरी रविवारची मिस्सा झाली की चर्चच्या दारातच सभा भरवत, तिथेच करांची वाटणी, गायराने, गुराख्याचा पगार ठरत असे. जन्म-मृत्यूच्या नोंदी धर्मगुरूकडे, वेळ सांगणारी घंटा मनोऱ्यात, वादळाचे ढग पांगावेत म्हणून वाजवायची घंटाही तीच. मग क्रांती आली. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली, १७९२ मध्ये नोंदवह्या नगरपालिकांकडे आल्या, १७९३ मध्ये हुकूम सुटला की प्रत्येक धर्मग्रामाने एकच घंटा ठेवावी आणि बाकीच्या तोफा ओतायला द्याव्यात. घंटांना फ्रान्समध्ये बाप्तिस्मा देतात, त्यांना धर्ममाता आणि धर्मपिता असतात, अंगावर त्यांची नावे ओतलेली असतात. गावोगावी त्या खाली उतरवताना लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि मग ९ डिसेंबर १९०५ चा तो कायदा, ज्याने राज्य आणि धर्म यांना वेगळे केले. त्याच्या आणि पाठोपाठ आलेल्या १९०७, १९०८ च्या कायद्यांच्या गुंत्यातून जे निघाले ते मला या देशातल्या सर्वांत विलक्षण व्यवस्थांपैकी एक वाटते. त्याआधी बांधलेली गावोगावची चर्चे गावच्या पंचायतीच्या मालकीची. आत उपासना करण्याचा हक्क कॅथलिकांचा, विनामूल्य आणि बेमुदत. दुरुस्तीवर खर्च करण्याची पंचायतीला मुभा. कॅथेड्रले बहुतेक सरकारची, चर्चे गावाची. त्यामुळे चार-पाचशे वस्तीच्या गावाचा मेयर, तो स्वतः देव मानत असो वा नसो, बाराव्या शतकातल्या छपराचा घरमालक असतो. एक किल्ली त्याच्याकडे, एक धर्मगुरूकडे. आणि धर्मगुरू आता एका गावाचा राहिलेला नाही. तो पंधरा-वीस, कुठे तीस मनोऱ्यांमध्ये मोटार हाकत फिरतो. दारावर लावलेल्या वेळापत्रकात गावांची नावे एकाखाली एक आणि त्यांपुढे मिस्सेची तारीख. काही नावांपुढे सबंध महिन्यात काहीच नाही.

बेरीत मी ज्यांच्याकडे उतरले होते ते गृहस्थ निवृत्त शिक्षक, आयुष्यभर डावे, स्वतःच्या लग्नाखेरीज चर्चची पायरी न चढलेले. ते पंचायतीवर निवडून आले होते आणि त्यांच्या गावच्या चर्चच्या छपराचा हिशेब त्यांनी मला जेवणानंतर चीजच्या ताटाबरोबरच समजावून सांगितला: स्लेटचे दर, पन्हाळीतल्या शिशाचे दर, बांधकामाची परांची उभारण्याचाच खर्च केवढा, कोणते अनुदान कोणत्या टक्क्यांनी आणि ते मिळेपर्यंत गळती किती पुढे जाते. “शाळेच्या भोजनगृहाचे छप्पर की हे छप्पर, असा ठराव दर वर्षी येतो,” ते म्हणाले. मी विचारले, तुम्ही कोणत्या बाजूने मत देता? त्यांनी चीजचा तुकडा कापला, खाल्ला, आणि म्हणाले, “आधी मुलांचे जेवण. पण मग दुसऱ्या वर्षी हे. माझे आजोबा त्या भिंतीवरच्या पाटीवर आहेत.” पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांच्या नावांची संगमरवरी पाटी बहुतेक चर्चांत असते, आणि ती वाचताना एकच आडनाव तीन-तीनदा येते.

आकडे पाहिले तर चित्र फार मोठे होते. फ्रान्समध्ये धर्मग्रामांची चाळीस हजारांवर चर्चे आहेत. २०२२ मध्ये सिनेटच्या दोन सदस्यांनी दिलेल्या अहवालात २०३० पर्यंत अडीच ते पाच हजार धार्मिक इमारती सोडून दिल्या जाण्याचा, विकल्या जाण्याचा किंवा पाडल्या जाण्याचा धोका नोंदवला होता. पुढच्या वर्षी दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांतल्या अशा इमारतींसाठी राष्ट्रीय वर्गणी सुरू झाली; चार वर्षांत २० कोटी युरो जमवायचे उद्दिष्ट ठेवले. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसचे नोत्र-दाम जळाले, तेव्हा जगभरातून एकट्या त्या इमारतीसाठी सुमारे ८५ कोटी जमले होते. नोत्र-दामला ते मिळू नयेत असे कोण म्हणेल? मीही त्या रात्री पडद्यावर तो मनोरा कोसळताना पाहून रडले आहे. पण खेड्यातले छप्पर जळत नाही, ते गळते. आणि गळणाऱ्या छपराचे थेट प्रक्षेपण कोणी करत नाही.

एक अवांतर. २०२१ च्या जानेवारीत फ्रान्सने कायदाच केला की गावाकडचे आवाज आणि वास हाही वारसा आहे. ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीतल्या शेजाऱ्यांनी पहाटे आरवतो म्हणून भरलेला खटला तेव्हा ताजा होता, आणि चर्चच्या घंटांविरुद्धच्या तक्रारीही काही कमी नव्हत्या. शहरातून गावाकडे शांततेसाठी आलेल्यांना पहाटेची घंटा नको असते. मी राहत होते त्या गावात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अँजेलसची घंटा होई. आता ती विजेवर चालते, दोर ओढायला कोणी नसते. पहिल्या सकाळी मी दचकून उठले, आणि नंतर तिच्यावर माझे चहाचे वेळापत्रक बसले. त्या घंटेची प्रार्थना म्हणणारे घर गल्लीत एखादेच असावे. तरी घंटा एक दिवस बिघडली तेव्हा बेकरीच्या रांगेत सगळे तिच्याचविषयी बोलत होते.

त्या फुलांच्या बाईंकडे मी पुन्हा वळते ते इथेच. भित्तिचित्रांची निगा राखणाऱ्यांना विचारले तर ते सांगतील की ओलावा हा त्यांचा पहिला शत्रू. फुलदाणीचे पाणी, मेणबत्तीची काजळी, हिवाळ्यात मिस्सेपुरती पेटवलेली आणि लगेच विझवलेली शेगडी, हे सगळे भिंतीला बाधते. पण माझा श्वासही बाधतो, आणि उन्हाळ्यात बसगाड्यांतून उतरणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांचा. पूर्ण बंद ठेवलेले चर्च त्याहून लवकर खराब होते, कारण मग पन्हाळीत कबुतराचे घरटे अडकलेले कोणाच्या लक्षात येत नाही, फुटलेल्या काचेतून पावसाळाभर पाणी येत राहते, आणि वाळवी लाकडात किती आत गेली ते तुळई बसल्यावर कळते. ज्या बाई चित्रांकडे पाहत नाहीत त्या पाकोळ्यांकडे पाहतात, दाराकडे पाहतात, फरशीवरच्या ओल्या डागाकडे पाहतात. पुढच्या खेपेस छप्पर गळेल तेव्हा पंचायतीत फोन त्याच करतील. आणि मी, जिने जुडासच्या झग्याची एकेक रेघ न्याहाळली, ती त्या वेळी पुण्यात असेन.

तरीही मला वाटते की त्यांनी एकदा वर पाहायला हवे होते. आधीच्या पिढ्यांनीही असेच वर न पाहता चुना फासला होता, आणि चुन्याखाली चित्रे टिकली हे नशीब. दुसरीकडे त्याच नेकीने गिलावा हातोडीने उखडला गेला आणि खालचे दगड उघडे करून ‘जुने रूप’ म्हणून दाखवले गेले. मधल्या काळात फ्रान्समध्ये उघड्या दगडाची अशी हौस खूप होती. मध्ययुगातल्या बांधकाम करणाऱ्यांना दगड उघडा ठेवणे अर्धवट काम वाटले असते. त्यांच्या भिंती गिलाव्याच्या आणि रंगाच्या असत. त्या हौसेत कोणत्या चर्चमधले कोणते चित्र ढिगाऱ्याबरोबर बाहेर गेले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

व्हिकला पेरिगो मिळाले, सँड मिळाली, मेरिमे मिळाले; आता त्याला पाहुणेही मिळतात. माझ्या यजमानांच्या गावच्या चर्चला यांतले काही नाही. त्याच्या भिंती आतून पांढऱ्या आहेत, ठिकठिकाणी पोपडे आलेले. दुरुस्तीला हात घालण्याआधी जाणकार अशा भिंतीवर लहान लहान चौकोन आखून स्काल्पेलने चुन्याचे थर एकेक करून उचलतात आणि खाली काही आहे का ते पाहतात. त्यासाठी वेगळे पैसे लागतात. यजमानांनी तो खर्च छपराच्या अर्जात घातला होता, तर मंजुरीच्या वेळी तोच आधी कापला गेला. “छप्पर झाले की पुन्हा मागू,” ते म्हणाले, “भिंत कुठे पळून जाते?” पन्हाळीच्या बाजूची भिंत मात्र त्या वर्षी खांद्याच्या उंचीपर्यंत हिरवी पडली होती, आणि नवा अर्ज मार्चच्या आत द्यायचा होता.